पाठ करून बसले तेव्हा
इंद्रायणी तांदळाच्या पेजेचा वास आला की मला धरणाकाठच्या वडिवळे गावातली ती भाड्याची खोली आठवते. शाळेतली माझी पहिली नोकरी होती, आणि मुलं घरी गेली की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत माझ्याशी बोलणारं कुणी नसायचं. धरणावर फिरायला आलेल्या कुणीतरी सोडून दिलेलं एक तांबूस कुत्रं माझ्या ओट्यावर येऊन राहिलं होतं. मी त्याला रोज पेज घालायचे, समोर बसून त्याच्याकडे बघत दिवसभराचं सांगायचे, आणि ते तोंड फिरवून जांभई द्यायचं. हात पुढे केला की उठून लांब जायचं. यालासुद्धा माझा कंटाळा येतो, असं वाटून एकदा मला रडूच आलं. ठाकरवाडीतून रानभाजी विकायला येणाऱ्या मावशींनी ते पाहिलं. "बाई, त्ये कटाळलं न्हाई, भ्यालंय. भ्यालं तरी बी कुत्रं जांभई देतं. त्येच्या डोळ्यांत बघू नका. पाठ करून गप बसा," त्या म्हणाल्या. संध्याकाळी मी ओट्यावर तशी बसले. समोरची भातखाचरं काळवंडत गेली, धरणाकडून गार वारा सुटला, तरी मागे काही हललं नाही. आता उठावं असं म्हणत होते, तेवढ्यात पाठीला ऊब लागली. ते हळूच येऊन माझ्या पाठीला टेकून बसलं होतं. मी कितीतरी वेळ हललेच नाही. पुढे बदली झाली तेव्हा ते माझ्याबरोबर लोणावळ्याला आलं आणि इथेच म्हातारं होऊन गेलं. आता घरात सोफा आहे, पण संध्याकाळी मी अजून जमिनीवरच बसते, भिंतीपासून जरा पुढे, पाठ मोकळी ठेवून.