गोळीच्या आधीचं रक्त

त्याला शिरवण्याहून टेम्पोत घालून आणलं तेव्हा हातपाय दोरीने बांधलेले होते. तरी त्याने वॉर्डबॉयच्या दंडाला कडकडून चावा घेतला, बांधलेल्याच पायांनी सलाइनचा स्टँड काचेच्या दारावर पाडला. चौघांनी दाबून धरल्यावर कुठे इंजेक्शन देता आलं. मागोमाग त्याची बायको आली. घरात त्याने वरवंट्याने आधी टीव्ही फोडला होता, मग तिचं मनगट. सोबतचा दीर ओरडत होता, "याला आता कायमचा येड्यांच्या इस्पितलात टाका!"

आमचा शिकाऊ डॉक्टर त्या सुजल्या हाताच्या बाईवरच डाफरला. "गोळ्या बंद केल्या ना? मग असंच होणार!"

रक्तातली औषधाची पातळी कशी वाचायची, हे मी या पोरांना शिकवते. चोर सोडून संन्याशाला फाशी दिलेली मला अजिबात खपत नाही. मी केसपेपर हिसकावून घेतला. पेशंटचं डोकं ताळ्यावर ठेवणारी गोळी लिथियमची. गेल्या महिन्यात रक्तात ती जास्त निघाली, म्हणून आमच्या याच शिकाऊ शहाण्याने डोस निम्मा केला होता.

"ताई, रक्त काढलं त्या सकाळी गोळी दिली होती का?"

"दिली ना. तुमी सांगला उपाशी आना, उपाशीच आनला. गोली तेवरी पान्याशी दिली. औषदानं उपास मोडतो काय? एक दीस चुकवली नाय मी."

तिचं काय चुकलं? आपल्याकडे चतुर्थीलाही औषध चालतंच. लिथियमचं रक्त मात्र रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी काढायचं असतं. ताज्या गोळीवर आकडा फुगणारच. आमचे लोक सगळ्यांनाच 'उपाशी या' सांगतात, गोळीबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या पोराच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. बाकीचे शिकाऊ भोवती उभेच होते. त्यांच्यादेखत मी म्हटलं, "काय झालं ते सांग यांना. सोप्या मराठीत."

तो घुटमळत बोलला. गोळी घेतल्यावर रक्त काढलं, म्हणून आकडा खोटा आला. आपण न विचारता डोस कमी केला, म्हणून आजार उसळला.

तिने चांगल्या हाताने फाडकन त्याच्या कानाखाली वाजवली. मी तिला अडवलं नाही.

मग ती बाकावर बसली, खूप रडली. पदराने तोंड पुसून तिने त्यालाच विचारलं, "घरी नेल्यावर गोली कवा द्यायची?"

गालावर हात धरून तो म्हणाला, "रोजच्याच वेळेला. फक्त रक्ताच्या दिवशी आधी रक्त, मग गोळी."