बादलीतली लोकर

लेकीचा जुना स्वेटर उसवून बायकोने लोकर काढली होती. तिची वळणं जावीत म्हणून ती कोमट पाण्यात भिजवायचं काम माझ्याकडे आलं. लडी बांधून भिजवायची असते, हे मला लोकर बादलीत मोकळी सोडून दिल्यावर आठवलं.

मग बघतच बसलो. धागा एकीकडे उलगडत होता, दुसरीकडे मिटत होता. नोकरीभर मी कॉलेजात पॉलिमर शिकवलं. पातळ द्रावणातली पॉलिमरची साखळी, म्हणजे त्याचा लांबच लांब रेणू, फळ्यावर अशीच काढायचो, कधी सरळ नाही आणि कधी स्थिर नाही. पाण्याचे कण तिला सगळीकडून ढकलत राहतात. तिचा एक भाग हलला की भोवतालचं पाणी हलतं, आणि त्या पाण्यामुळे पार लांबचा भागही हलतो. पोरं विचारायची, "सर, इतक्या लांबून त्याला कळतं कसं?" मी गणित मांडायचो. पोरं ते वहीत उतरवून घ्यायची, पण त्यांना पटल्यासारखं दिसायचं नाही.

लेक परगावी गेल्यापासून आमचं घरही पातळच झालंय. माणसं दोन आणि जागा भरपूर. ही स्वयंपाकघरात, मी इथे मोरीपाशी.

आतून आवाज आला, "लडी न बांधताच टाकलीत ना?"

"तुला कसं कळलं?"

"केव्हाचे गप्प आहात."

पदराला हात पुसत ती आली, समोर पाट घेऊन बसली आणि टोक शोधायला तिने पाण्यात हात घातला. माझ्या बाजूची लोकर हलली.