दाराच्या आतली तिरकी रेघ

पनवेलच्या गाडीवाल्यांनो, आपलं सगळ्यांचं एक दुखणं सारखंच आहे. दाराला जरा खड्डा पडला की सर्व्हिस सेंटरवाले टॅबवर बोट फिरवतात आणि सांगतात, "मॅडम, दरवाजाच बदलावा लागेल." दुरुस्ती हा शब्दच यांच्या कोशातून गेलाय... यावर मी मंचावरून बोललेय, इथेही तावातावाने लिहिलंय.

म्हणून गेल्या मंगळवारी गाडी घेऊन सरळ लतीफचाचांच्या गॅरेजवर गेले. करंजाड्याला पार्क केलेली असताना कुणीतरी मागच्या डाव्या दाराला ठोकून पसार झालं होतं. चाचांचं नाव एका मैत्रिणीने सुचवलेलं. साठी ओलांडलेला माणूस, पत्र्यावर तळहात फिरवून सांगतो कुठे काय झालंय.

त्यांची हत्यारं पाहून मी चकितच झाले. सगळी घरी बनवलेली! ठोकर बसली की पत्रा ताणला जातो, म्हणे. नुसता बाहेर ढकलला तर फुगून राहतो, बोटाने दाबलं की टक् टक् वाजतो. त्याला पुन्हा आकसवावं लागतं. त्यासाठी ग्राइंडरवर एक गुळगुळीत स्टीलची चकती... ती फिरवून फुगलेला भाग तापवायचा आणि लगेच ओल्या फडक्याने थंड करायचा.

"चकती कुठून आणली?" मी विचारलं.

"जेवणाचं ताट कापलं. बायको अजून विचारते, सहाचा सेट होता, पाचच कशी?"

दुसरं हत्यार म्हणजे ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचा हातात मावेल एवढा ठोकळा. त्याच्या तोंडावर करवतीने उभ्या-आडव्या रेघा कापलेल्या. तो पत्र्याच्या आतून धरायचा आणि बाहेरून हातोडी मारायची. त्या जाळीत पत्रा दाटत जातो. मी मोबाइलवर फोटो काढत होते, मनात पोस्ट लिहीत होते... कारागीर, कंपन्या, वगैरे.

चाचांनी दाराचं आतलं कव्हर काढलं, टॉर्च मारला आणि वाकून आत पाहिलं.

"मॅडम, गाडी सेकंडहँड घेतली काय?"

"छे! शोरूममधून घेतलीय."

"मग हा दरवाजा आधी ठोकलेला कसा?"

माझं डोकंच फिरलं. म्हणजे नव्या गाडीच्या नावाखाली मला ठोकलेला दरवाजा विकला? मी तिथेच सुरू झाले. ग्राहक मंच, वकील, वर्तमानपत्र... पाच मिनिटं तरी बोलले असेन.

चाचांनी दाराच्या आत पुन्हा टॉर्च मारला. मग ठोकळा उचलून माझ्यासमोर धरला. त्यावरची एक रेघ करवत घसरून तिरकी गेली होती. टॉर्चच्या उजेडात दाराच्या आत पाहिलं तर तीच जाळी आणि तीच तिरकी रेघ उमटलेली.

"हे माझंच काम हाय. आता आठवलं. दीड वर्ष झालं असेल. एक बुजुर्ग आलते. उंच, खिशात दोन पेनं."

बाबा. माझे बाबा.

 मी तिथल्या उलट्या डब्यावर बसले आणि चाचा सांगत गेले...

"रविवार होता, गॅरेज बंद. घरी आले माझ्या. म्हणाले, मुलगी चिरनेरला भाषणाला गेलीय, ती यायच्या आत पाहिजे. मी म्हटलं, रंग सुकायला वेळ लागतो, उद्या या. तर हात जोडले, मॅडम! माझ्यापुढे!"

"का पण?"

चाचा जरा चाचरले. "म्हणाले, मुलगी वाईट नाय हो... पण बोलायला लागली की थांबत नाय."

चिरनेरचं ते भाषण मला आठवतं, आयोजकांनी न्यायला गाडी पाठवली होती. निर्भयतेवर तासभर बोलले होते. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते... आणि त्याच वेळी माझा बाप माझ्या भीतीने एका अनोळखी माणसासमोर हात जोडून उभा होता.

"गाडी ठोकली कशी?" मी कसंबसं विचारलं.

"चक्कर आली म्हणे. खांबाला घासली. मी बोललो, डॉक्टरला दाखवा. तर म्हणाले, डॉक्टरकडे मुलगीच नेते, मग सगळंच सांगावं लागेल."

त्यानंतर बाबांनी गाडी चालवणं सोडलं होतं. "ट्रॅफिक नको वाटतं" म्हणाले आणि मीही ते मान्य करून टाकलं.

घरी येताना तोंडात वाक्यं तयार होती. सगळी "तुम्हाला कळत कसं नाही"पासून सुरू होणारी. बाबा बिरड्यासाठी भिजवलेले वाल सोलत बसले होते. मी शेजारी बसले, मूठभर वाल घेतले.

"बाबा, चक्कर अजून येते?"

त्यांनी मान वर केली नाही. "लतीफ बोलला वाटतं."

"येते का?"

"सकाळी उठताना. गेल्या महिन्यात बाथरूममध्ये पडलो, पण लागलं नाही फारसं..."

माझं तोंड उघडलं. आणि त्यांचे खांदे आखडलेले मी पाहिले. शप्पथ सांगते, इतक्या वर्षांत ते आखडणं मला कधी दिसलंच नव्हतं. मी तोंड मिटलं. मग ते बोलत राहिले... अर्धा तास. सगळे वाल सोलून झाले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासलं. उभं राहिलं की बीपी एकदम खाली जातंय. एक गोळी बदलली, काही तपासण्या बाकी आहेत. "हे आधीच का नाही सांगितलं?" असं त्यांनी बाबांना विचारलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर मी दिलं.

तुमच्यापैकी ज्यांचा आवाज घरात सगळ्यात मोठा आहे, त्यांना हात जोडून सांगते. आज जेवायला बसाल तेव्हा समोरच्याला एवढंच विचारा, "माझ्या भीतीने मला सांगितलं नाही, असं काही आहे का?" आणि त्यांचं बोलून होईपर्यंत एक शब्दही बोलू नका.