सितारामकाकांच्या पारड्यातले दहा लाख एक

सोनपेठच्या बाजारात अशी आवई आहे की, वांगी विकणारे सितारामकाका आधी हैद्राबादला गणिताचे प्रोफेसर होते. डोक्यावर परिणाम झाला अन् हाती तागडी आली. सगळं खोटं. काका सातवी नापास. हैद्राबादला गेले एकदाच, मेव्हण्याच्या लग्नाला, अन् तिथनं येताना आणलं काय, तर अपचन.

आकड्यांचं खूळ मात्र खरं. गिऱ्हाईक नसलं की गाडीचा नंबर, कुणाचा मोबाइल नंबर, दिसेल ते मनातल्या तागडीत. उजवीकडून सुरुवात, एक आकडा ह्या पारड्यात, पुढचा त्या पारड्यात. दोन्ही सारखी झाली की अकरानं भाग गेलाच. दोन-दोन आकड्यांच्या जोड्या टाकल्या तर एकशे एकनं. हे त्यांना कुणी शिकवलं नाही. फक्त दोनशे नऊवर ते कित्येक वर्षं फसले. नऊ अन् दोन एकीकडं, दुसरीकडं नुसतं शून्य, म्हणून "न्हाई जात." शाळेतल्या परमेश्वर सरांनी भागून दाखवलं तेव्हा काकांनी दोन आठवडी बाजार तागडी उलटसुलट करून बघितली. मग म्हणाले, "रिकाम्या पारड्यात अकराचं माप टाकायचं राहिलं की वो सर."

यंदा त्यांची लेक सुकेशनी इलेक्ट्रॉनिक काटा घेऊन आली.

"आबा, लोकं हसायलेत. हे घ्या."

"ह्याला एकच पारडं हाय. मी इचार कुठं करू?"

शेवटी पैज ठरली. मी त्यांचं नेहमीचं गिऱ्हाईक; मोठा आकडा मी द्यायचा. त्याला कशानं भाग जातो ते काकांनी सांगायचं, कागद-मोबाइल न घेता. काका हरले तर तागडी माळ्यावर. मी हरलो तर दिवसभर त्यांची वांगी ओरडून विकायची.

मी घरून तेरापर्यंत भागून बघितलेला, कशानंच भाग न गेलेला आकडा दिला: दहा लाख एक. दोन टोकांना एक, मधे पाच शून्यं.

काकांनी दोन एकांसाठी दोन सारखी लिंबं घेतली. शून्याला काहीच नाही. एकेक आकडा मोजत गेले, तर दोन्ही लिंबं एकाच पारड्यात. पारडं दाणकन खाली.

"अकरा न्हाई."

सुकेशनीनं काट्याचं खोकं फोडायला घेतलं. काकांनी तिकडं बघायचं टाळलं. तागडी दुसऱ्या हातात घेतली.

"थांब गं बाई. जोड्या पाडू दे." शून्य-एक हिकडं, लिंबू पडलं. शून्य-शून्य तिकडं. शून्य-शून्य हिकडं. उरला पहिला एक, तो तिकडं. दांडी डुलली, डुलली अन् सरळ झाली.

"एकशे एक."

मी मोबाइलवर भागलं. नऊ हजार नऊशे एक, बाकी शून्य. सुकेशनी खोकं पुन्हा चिकटवायला बसली.

पुढच्या बाजारी मी सकाळपासून "काटेरी वांगी, आत्ता तोडल्याली" म्हणत हुबेहूब काकांसारखा ओरडत होतो. दुपारी ते म्हणाले, "माझा आवाज कशाला झिजवायलास? पैज तू हरलास. तुझ्या गळ्यातनं काढ."