लाह्यांची ज्वारी

लाह्या फुटल्याचा वास आला की मला माहेरची, रनाळ्याची आई आठवते. बारीक, टणक दाण्यांची कणसं निवडून लाह्यांची ज्वारी ती मडक्यात राखेत घालून ठेवायची. लग्नानंतर मला नंदुरबारला पाठवताना तिनं ते मडकंच बैलगाडीत माझ्या मांडीवर दिलं. "बेटी, हाई दळू नको, लाह्यासनी शे," म्हणाली; लाह्यांचीच आहे ही, दळायची नाही. एका सकाळी मी नदीवरून धुणं घेऊन परतले, तर सासूबाईंनी ती सगळी जात्यावर दळलेली. "जवारी ती जवारी, त्यामा काय!" त्या हसल्या. पंचमीला माहेरी गेले की पुन्हा आणीन, असं मनाशी म्हणत मी धुणं वाळत घातलं. पंचमीआधीच आई वारली, आणि तिच्याबरोबर ते बीही गेलं. त्या दिवशीची भाकर फार गोड लागली होती; मी आणखी मागून घेतली होती.