तिसरं कोटेशन

यंत्र घरी आलं तेव्हा ते मागणारी बाई घरात नव्हती. तिला जाऊन बरेच दिवस झाले होते.

कोटेशनसाहेबांनी खोकं हॉलमधल्या टेबलावर ठेवलं आणि समोर खुर्ची ओढून बसले. आतून एक काळी, चपटी पेटी निघाली. पुढच्या अंगाला सीडी आत घेणारी फट होती. सीडी सरकवली की पेटी तिच्यातली गाणी उतरवून घेणार, पोटात साठवणार, आणि मग घरात कुठूनही फोनवर बोट टेकलं की स्पीकरवर वाजवणार. बायकोला एवढंच हवं होतं.

कोटेशनसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बस डेपोत सुट्या भागांचं स्टोअर आहे, तिथे त्यांची हयात गेली. तीन दुकानांची कोटेशनं समोर आल्याशिवाय त्यांनी कधी साधा बोल्ट विकत घेतला नाही. मेकॅनिक दारात येऊन कावायचे.

"साहेब, गाडी रस्त्यात उभी आहे हो!"

"उभीच आहे ना? पळून तर नाही गेली? मग थांब."

पण त्यांच्या स्टोअरमध्ये अंधारात हात घातला तरी हवं ते बेअरिंग हाताला लागायचं. ज्या खणावर जी चिठ्ठी, त्यात तोच माल. डेपोचे मोठे अधिकारीही त्यांना टरकून असत.

घरातही तीच तऱ्हा. फ्रिज घ्यायचा असो की गादी, आधी तीन ठिकाणी चौकशी, मग आठवडाभर मान हलवणं. बायको म्हणायची, "आणि माझ्या वेळी किती कोटेशनं आली होती?"

"तेव्हा मी नोकरीला लागलो नव्हतो," ते सांगायचे. "अनुभव कमी पडला."

सीडी दोघांच्या होत्या. विकत आणायचे ते, ऐकायची ती. हॉलमध्ये भिंतभर कपाट, त्यात ओळीनं डब्या, आणि खालच्या फळीवर प्लेयर. ऑपरेशन होऊन ती घरी आली तेव्हा तिचा पलंग आतल्या खोलीत होता. एकदा सकाळी ते डबा भरत असताना तिनं हाक मारली.

"अहो, जावई सांगत होते ते यंत्र घ्या ना. पडल्या पडल्या लावता येतं म्हणे. मला उठवत नाही हो."

"घेऊ की. मागवतो कोटेशनं."

त्यांनी खरंच मागवली. पहिल्या यंत्रात गाणी साठवायची डिस्क एकच होती. ती बिघडली की सगळा संग्रह पाण्यात. दुसऱ्यात दोन डिस्क होत्या, पण आत पंखा होता आणि तो घरघरायचा. शिवाय गाणं जसंच्या तसं उतरवून ठेवायचं की पिळून लहान करून, हा एक प्रश्न होताच. संध्याकाळी पलंगाच्या कडेला बसून त्यांनी हे सगळं तिला समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"मग आता कशाला अडलंय?"

"तिसऱ्याचं येऊ दे."

"तिसरा दुकानदार अजून जन्माला यायचाय का?"

दोघंही हसले. हसताना तिनं टाक्यांवर हात दाबून धरला होता.

डेपोत तेव्हा वर्षअखेरीची मालमोजणी चालली होती. रजा मागायचं त्यांच्या मनात आलं, पण मोजणीच्या वेळी ते नाहीत असं कधी घडलंच नव्हतं. दुपारचं जेवण शेजारच्या काकू तिला देऊन जायच्या. मग संध्याकाळपर्यंत ती एकटी. ते परत आले की पहिला प्रश्न ठरलेला.

"दुपारी काय केलंस?"

"झोपले. गाढ. काकूंनी दार ओढून घेतलेलंही कळलं नाही."

रोज हेच उत्तर. मालमोजणी संपली. तिसरं कोटेशन आलं नाही. मग ती गेली.

ती गेल्यावर घरातली प्रत्येक वस्तू त्यांना खायला उठायची. एका गोष्टीच्या आधारावर ते उभे होते. दुपारभर ती झोपत होती. तिनंच सांगितलं होतं. झोपलेल्या माणसाला यंत्र आलं काय आणि न आलं काय, काय फरक पडतो? हे ते स्वतःशी इतक्यांदा बोलले होते की आता ते मनात आपोआप यायचं, दाढी करताना, जिना चढताना. यंत्रही शेवटी त्यांनी तेवढ्याच धीरावर विकत घेतलं. सीडी उतरवून झाल्या की कपाट रिकामं करून सगळा संग्रह वाचनालयाला द्यायचा, असं ठरलं.

रविवारी सकाळी लेक आणि जावई आले. जावयांनी यंत्र आतल्या खोलीत लावलं, कारण वायफायचा डबा तिथे होता. सीडी पोचवायचं काम लेकीकडे. वरच्या फळीपासून सुरुवात झाली. पहिल्याच डबीवर व्हायोलिन वाजवणाऱ्या म्हाताऱ्याचा फोटो होता. आतून जावयांनी आवाज दिला, "बाबा, हे तर सतार म्हणतंय!"

"म्हणणारच!" कोटेशनसाहेबांनी कपाळाला हात लावला. "एक डबी धड सापडेल तर शपथ. जन्म गेला माझा सांगण्यात. स्टोअरकीपरच्या घरात असला कारभार!"

"आई काय म्हणायची?"

"काय म्हणणार? हे घर आहे, स्टोअर नाही."

पण यंत्र त्यांना आवडलं. डबी कुठलीही असो, ते सीडी वाचायचं, इंटरनेटवर शोधायचं आणि नाव, चित्र, गाण्यांची यादी बिनचूक लावायचं. डबीच्या नादी लागायचंच नाही. "हे आपल्या खात्यातलं आहे," ते म्हणाले. सीडी बाहेर आली की ते तिची खरी डबी हुडकून काढायचे आणि टक् करून बसवायचे. वाचनालयाला भलत्या डबीतला माल कसा द्यायचा? सकाळभर ते खुशीत होते. एकदा शीळही घातली. लेकीनं वळून पाहिलं. वरच्या फळ्या संपेपर्यंत जेवणाची वेळ झाली.

जेवणानंतर उरलेल्या फळ्या घेतल्या. पुन्हा पहिलीच डबी भलती निघाली.

"काय पण गोंधळ," कोटेशनसाहेब म्हणाले. "डोळे मिटून टाकायची की काय?"

"गोंधळ नाही काही," लेक म्हणाली. "आईची पद्धत होती ती."

"पद्धत? तिची?"

"हो मग. समजा प्लेयरमध्ये बासरी आहे आणि तिला व्हायोलिन लावायचंय. व्हायोलिनची डबी उघडली, सीडी हातात घेतली. डबी झाली रिकामी. प्लेयरमधली बासरी काढली ती त्याच रिकाम्या डबीत. बासरीची डबी शोधत कोण बसतंय? म्हणजे व्हायोलिनच्या डबीत काय सापडणार?"

"बासरी."

"व्हायोलिनच्या आधी जे वाजलं ते. मी लहानपणी हवी ती सीडी अशीच काढायचे. यानंतर आईनं काय लावलं होतं एवढं आठवायचं, की त्या डबीत ती सापडायची. तुम्हाला माहीत नव्हतं, बाबा?"

त्यांना माहीत नव्हतं. इतकी वर्षं भांडले, पण असं का करतेस म्हणून कधी विचारलं नव्हतं.

"बघू तरी," ते म्हणाले. स्टोअरमध्ये एखादा हरवलेला भाग निघावा तसा त्यांना हुरूप आला. "शेवटची कुठली लावली होती?"

लेकीनं प्लेयर उघडला. आत बासरी होती. बायको गेल्यापासून प्लेयरला कोणी हात लावला नव्हता. कोटेशनसाहेबांनी बासरीची डबी शोधली. आत मुलांच्या गोष्टींची सीडी निघाली, लेकीच्या लहानपणची. गोष्टींच्या डबीत मोठा वाद्यवृंद. वाद्यवृंदाच्या डबीत एका बाईचं गाणं. बाईच्या डबीत सनई. दोघंही वाकून, एकमेकांना खांद्यानं ढकलत डब्या उघडत होती. "आता पियानो निघेल बघ," ते म्हणाले. सनईच्या डबीतून खरंच पियानो निघाला आणि लेक हसली.

पियानोची डबी वरच्या फळीवर होती. ती उघडली. रिकामी. सकाळी तिच्यातली सीडी काढून त्या सीडीच्या खऱ्या डबीत बसवली होती.

"इथून तुम्ही नीट लावलंय," लेक म्हणाली. "इथून पुढे काही कळायचं नाही."

कोटेशनसाहेब तशीच रिकामी डबी धरून उभे राहिले. मग हळूच खुर्चीत बसले.

"काय झालं?"

"ती इस्पितळात होती ना," ते म्हणाले. "तेव्हा मी इथे एकटाच होतो. मन लागेना, म्हणून हे सगळं कपाट लावलं होतं. एकूण एक. प्रत्येक सीडी आपापल्या डबीत. घरी आणल्यावर तिला दाखवलंसुद्धा. म्हणाली, वा, संग्रहालय झालं की हो."

"मग?"

"मग हे सगळं त्याच्यानंतरचं आहे."

लेकीनं कपाटाकडे पाहिलं. खालच्या फळ्यांवर अजून हात फिरला नव्हता. तिनं मधूनच एक डबी काढून उघडली. भलती. आणखी एक. भलती. सगळ्यात खालच्या कोपऱ्यातली उघडली. तीही भलतीच.

"रविवारी आम्ही दोघं मिळून ऐकायचो," ते म्हणाले, "पण एखादीच. एवढ्या नाही."

"दुपारी ती झोपायची ना?"

"मला तसंच सांगायची."

आतून जावई म्हणाले, "पुढची द्या!" कोणी दिली नाही.

कोटेशनसाहेब उठून आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि मागे वळून कपाटाकडे बघू लागले. पलंग, दार, बोळ, मग हॉल. बोळाच्या दोन्ही भिंती कोऱ्या होत्या. हाताला धरायला काही नव्हतं. संध्याकाळी मोरीपर्यंत नेताना ती त्यांच्या दंडाला घट्ट धरायची आणि मध्ये एकदा थांबायची. एक सीडी तासाभराची. ती संपली की दुसरी. दर वेळी इथून तिथे. खालच्या फळीपर्यंत वाकणं. परत.

"तिनं मागितलं होतं हे," ते म्हणाले. "उठवत नाही म्हणाली होती. तुला बोललो नाही मी."

"मला माहीत होतं."

"तुला?"

"फोनवर म्हणाली होती. जरा बाबांच्या मागे लाग, म्हणाली." लेक खाली बघत होती. "मी हसले. म्हटलं, अगं, बाबांचं तिसरं कोटेशन आल्याशिवाय सूर्यसुद्धा उगवत नाही. तीही हसली. मग विषय राहिलाच."

 मग त्यांनी विचारलं, "दुखत असेल म्हणून उठत असेल, की ऐकावंसं वाटायचं म्हणून?"

"ऐकावंसं वाटायचं म्हणून."

"तुला काय माहीत?"

"नाही माहीत."

"लाटा कुठे आहेत?" ते एकदम म्हणाले.

इस्पितळातून निघताना नर्सनं एक सीडी दिली होती. समुद्राच्या लाटा आणि मध्ये एक संथ आवाज, श्वास घ्या, श्वास सोडा. दुखणं असह्य झालं की लावा, असं तिनं सांगितलं होतं. ती सीडी या रांगेत शेवटी शेवटी असेल तर दुखणं. फार आधी कुठे असेल तर गाणं. कोटेशनसाहेबांनी वरच्या फळीवर हात घातला आणि न चुकता डबी काढली. उघडली. लाटांच्या डबीत लाटाच होत्या. सकाळी त्यांनीच बसवल्या होत्या.

"कुठून काढली होती मी ही?"

लेकीला आठवेना. त्यांनी डोळे मिटले. कुठल्या गाडीचा कुठला पट्टा कुठल्या खणातून कधी गेला हे सांगणारा माणूस. सकाळची वरची फळी त्यांनी मनात पुन्हा पुन्हा उघडली. व्हायोलिन आठवलं. शीळ घातलेली आठवली. ही डबी आठवेना.

ते आत गेले. जावई यंत्रापुढे मांडी घालून बसले होते.

"जावईबापू, आपण काय काय घातलं ते याला आठवतं का?"

"आठवतं की. हे बघा, सगळ्या क्रमानं आहेत. लाटा इथे, सकाळीच घातल्या."

"आणि कुठल्या डबीतून आल्या ते?"

जावयांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग दारात उभ्या असलेल्या बायकोकडे.

"ते त्याला कसं कळणार, बाबा? ते फक्त सीडी ओळखतं."

कोटेशनसाहेबांनी मान हलवली. हातातली डबी त्यांनी यंत्राशेजारी ठेवली.

"बंद करा ते," ते म्हणाले. "राहिलेल्या फळ्यांना आता कोणी हात लावायचा नाही. वाचनालयाला मी सांगतो, माल तयार नाही म्हणून."