नसलेला ठिपका

मंडळी, दोन वर्षं झाली, मला सगळीकडे बारीक ठिपके दिसतात. भिंतीवर, आभाळात, मिटल्या डोळ्यांतसुद्धा. चालताना फरशी होडीसारखी डुलते. परवाचा एमआरआयही नॉर्मल आला. "स्ट्रेस असेल," डॉक्टर म्हणाले.

आज सकाळी बसवनगुडीतल्या आमच्या पायरीवर भिंत धरून बसले होते. घरमालकीण अक्का, तीन पिढ्या इथल्या कन्नड मुलखातल्याच मराठी, दारात ठिपक्यांची रांगोळी काढत होत्या. गुडघा दुखायला लागला तशी रेघा जोडायला त्यांनी मला बसवलं.

मी हळूहळू जोडत गेले. ओलं अंगण तरंगत होतं, मीही तरंगत होते, आणि कितीतरी दिवसांनी त्याची भीती वाटत नव्हती.

अक्का वाकून बघायला लागल्या. "ही रेघ कुठे चालली गं? इथे ठिपका कुठाय?"

"मला दिसला, अक्का."

अक्कांनी चिमूटभर रांगोळी घेऊन रेघेच्या टोकाशी ठिपका ठेवला.

"सरी, ठीक. आता आहे."

संध्याकाळ झाली, रांगोळी अजून तशीच आहे. आजाराला नाव अजूनही नाही.

तुमच्यापैकी कुणाला असं काही दिसत असेल तर सांगा. "कुठाय?" असं मी विचारणार नाही.